मानधन देऊन विद्यार्थ्यांचे अभिप्राय घ्यायचे आहेत: गट कसा बांधावा, पैसे नेमके कशाचे द्यावेत?

गुणवत्ता_कक्ष

नमस्कार मंडळी.

अनुदानित वरिष्ठ महाविद्यालय, तालुक्याचं ठिकाण. तिन्ही शाखा मिळून साधारण १८०० विद्यार्थी, निम्म्याहून जास्त एसटीने ये-जा करणारे. दरवर्षी सगळ्यांकडून अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले जातात, आलेख काढले जातात, नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) फाइलला लागतात. उत्तरं ‘उत्तम’ आणि ‘अतिउत्तम’. त्यातून बोनाफाइडच्या रांगेबद्दल, परत येणाऱ्या महाडीबीटी (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या) अर्जांबद्दल किंवा मुलींच्या कक्षाबद्दल काडीचीही माहिती मिळत नाही.

विचार असा आहे की २०-२५ विद्यार्थ्यांचा एक गट वर्षभरासाठी नेमायचा आणि त्यांना त्या कामाचं मानधन द्यायचं. शंका चार:

१. किती जण घ्यावेत, कसे निवडावेत?
२. मानधन किती आणि खर्चाच्या कुठल्या शीर्षातून? कमवा व शिका योजनेत बसवता येईल का?
३. पैसे द्यायचे म्हणजे नाव आलं. मग गुप्तता कशी राहणार?
४. काही प्राध्यापकांचं म्हणणं, पैसे देऊन तक्रारी विकत घेतल्यासारखं होईल. त्यांना काय सांगायचं?

---

प्रश्नावली_पुरे

चौथ्यापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यावर ठरतं. पैसे मताचे द्यायचे नाहीत, वेळेचे आणि कामाचे द्यायचे. कौतुक करणाऱ्याला आणि बोटं मोडणाऱ्याला तासाचा दर एकच. बैठकीला येऊन गप्प बसलेल्यालाही तोच. ‘चांगल्या सूचनेला बक्षीस’ ही पद्धत चुकूनही आणू नका. बक्षीस कोण ठरवणार, हे कळलं की मुलं त्या माणसाला आवडेल तेच सांगतात. सोडतीत एखाद्याला हेडफोन देणंही नको. एकाला मोठी वस्तू आणि तेवीस जणांना काही नाही, हा कामाचा मोबदला होत नाही.

दुसरं, नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाला हे पैसे शिवू देऊ नका. २०१७ च्या आराखड्यातलं ते सर्वेक्षण नॅक स्वतः ऑनलाइन घेत आली आहे, २० वस्तुनिष्ठ प्रश्न आणि एकविसावा खुला. त्या उत्तरांसाठी कुणाला दमडी दिल्याचं दिसलं तर सगळ्या उपक्रमावर संशय येईल. गट वेगळा, काम वेगळं, खातं वेगळं.

आता काम म्हणजे काय? माझ्या मते तीन प्रकार पुरतात.

पहिला, कामाचा माग. यातूनच सर्वांत जास्त हाती लागतं, म्हणून जरा विस्ताराने. ज्याला खरोखर बोनाफाइड हवंय अशा विद्यार्थ्याला एक पानी तक्ता द्यायचा. रकाने: तारीख, खिडकीशी पोचल्याची वेळ, काय मागितलं, कोणते कागद मागितले गेले, परत पाठवलं असेल तर कारण, किती मिनिटं थांबावं लागलं, पुन्हा कधी बोलावलं, हातात दाखला कधी पडला. चार-पाच जणांचे तक्ते आठवड्याच्या वेगवेगळ्या वारी भरून आले की रांग कुठे अडते ते स्वच्छ दिसतं. बहुतेक ठिकाणी लिपिक हळू नसतो. सहीचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असतो आणि ती व्यक्ती दुपारी तासाला किंवा बैठकीला गेलेली असते. किंवा शुल्काची पावती दाखवा म्हणतात आणि पावती मिळते दुसऱ्या इमारतीत. असल्या गोष्टी ‘कार्यालयीन सेवा कशी वाटते?’ या प्रश्नातून सात जन्मांत कळणार नाहीत.

महाडीबीटीचा माग लांब असतो, त्यामुळे टप्पे आधीच छापून द्या: अर्ज भरला, कागद जमा केले, महाविद्यालयाच्या लॉगिनवर पडताळणी झाली, अर्ज परत आला, दुरुस्त करून पुन्हा पाठवला, मंजूर झाला. परत येण्याची कारणं साधारण ठरलेली असतात. उत्पन्नाचा दाखला चुकीच्या वर्षाचा, आधार आणि गुणपत्रिकेवरच्या नावात फरक, बँक खातं आधारशी जोडलेलं नाही. कोणतं कारण तुमच्याकडे किती वेळा येतं हे कळलं की अर्ज भरण्याआधीच तेवढ्या तीन गोष्टी तपासणारं टेबल लावता येतं.

इथे दोन पथ्यं. एक, खोटी मागणी करायला कुणालाही पाठवू नका. कार्यालयाचं काम वाढतं आणि ते हेरगिरी ठरतं. दोन, तक्त्यात कर्मचाऱ्याच्या नावाचा रकाना ठेवूच नका, आणि असा माग सुरू होतोय हे कार्यालय अधीक्षकांना आधी सांगा. नोंद पायऱ्यांची होते, माणसांची नाही, हे त्यांना कोरा तक्ता दाखवूनच पटतं.

दुसरा प्रकार, चाचणी. संकेतस्थळ, प्रवेशाचं पोर्टल, ग्रंथालयाचा शोध, सूचनाफलक. यासाठी पाच विद्यार्थी खूप झाले. याकोब नीलसन यांनी पाच वापरकर्त्यांत बहुतेक अडचणी उघड होतात असं मांडलं होतं आणि अशा कामाला तो अंदाज बरा लागू पडतो. पण मुलांच्या स्वतःच्या मोबाइलवर आणि मोबाइल डेटावर करा, प्रयोगशाळेतल्या संगणकावर नको. ‘परीक्षा अर्जाची शेवटची तारीख शोध’ एवढं सांगायचं आणि तोंड बंद ठेवून बघायचं. सूचना पीडीएफमध्ये, पीडीएफ म्हणजे आडवं स्कॅन केलेलं पान, आणि फाइलचं नाव ‘नवीन डॉक्युमेंट ३’. हे तिथल्या तिथे दिसेल.

तिसरा, गटचर्चा. सहा ते आठ जण, ७५ मिनिटं, एकच विषय. सुरुवातीची पाच मिनिटं कुणीही बोलायचं नाही, प्रत्येकाने चिठ्ठ्यांवर मुद्दे लिहायचे, एका चिठ्ठीवर एक. मग चिठ्ठ्या गोळा करून, मिसळून वाचायच्या, सारख्या एकत्र लावायच्या आणि प्रत्येकाने तीन टिकल्या लावून महत्त्वाचे मुद्दे निवडायचे. चर्चा त्यानंतर. थेट ‘बोला, काय अडचणी आहेत?’ म्हटलं की दोघे बोलतात आणि बाकीचे माना हलवतात. बैठक चालवणारा माणूस त्यांच्या अंतर्गत गुणांशी संबंध नसलेला हवा. शेजारच्या महाविद्यालयातला प्राध्यापक चालेल, माजी विद्यार्थी चालेल. प्राचार्य खोलीत नकोत, चहा विचारायलाही नकोत.

संख्या: २४ ठीक, शिवाय आठ राखीव, कारण परीक्षेच्या काळात गळती होणारच. वर्गप्रतिनिधी नकोत आणि प्राध्यापकांनी सुचवलेलेही नकोत. पटावरून कप्पे पाडून चिठ्ठ्या काढा आणि किमान आकडे आधी ठरवा: मुली १२, एसटीने येणारे १४, वसतिगृहातले ४, प्रथम वर्षाचे ६, पदव्युत्तर ४, आणि स्वेच्छेने तयार असलेले किमान दोन दिव्यांग विद्यार्थी. कप्पे एकमेकांवर चढतात, त्यामुळे २४ मध्ये बसतं. कनिष्ठ महाविद्यालय त्याच आवारात असेल तर अकरावी-बारावीची मुलं यात घेऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ खालचे सगळे ‘बालक’ धरलेत आणि पालकांच्या संमतीचा वेगळाच व्याप मागे लागतो.

दर सत्राला अर्धा गट बदला. वर्षभर तीच मुलं राहिली की ती कार्यालयाच्याच भाषेत बोलू लागतात, ‘प्रक्रिया सुरू आहे सर’.

आणि एक विनंती. या २४ जणांवरून टक्केवारी काढू नका. काय अडतं आणि का अडतं एवढंच हा गट सांगू शकतो. किती जणांचं अडतं ते विचारायला सर्वांसाठी सहा-सात प्रश्नांचं छोटं सर्वेक्षण नंतर घ्या, गटातून निघालेल्या मुद्द्यांवर.

---

हिशेबनीस

प्रश्न क्र. २ पुरते.

महाविद्यालय विकास समितीत ठराव घ्यावा. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार अर्थसंकल्प याच समितीकडून जातो. ठरावात पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात: उद्देश, विद्यार्थी संख्या, तासाचा दर, प्रत्येकी कमाल तास, देयक मंजूर करणारे पद. ‘आवश्यकतेनुसार मानधन देण्यात यावे’ असे मोघम लिहिले की लेखापरीक्षणात आक्षेप येणार हे धरून चालावे.

शीर्ष: संस्थेचा स्वनिधी किंवा गुणवत्ता कक्षासाठीची अंतर्गत तरतूद. वेतन वा वेतनेतर अनुदानातून हा खर्च दाखवू नये. परीक्षा शुल्क किंवा विशिष्ट कारणासाठी जमा केलेल्या शुल्कातूनही नाही.

नमुना हिशेब: २४ विद्यार्थी × ६ तास × १०० रु. = एका सत्राचे १४,४०० रु. दोन सत्रांचे २८,८००. बैठक चालवणाऱ्या बाहेरील व्यक्तीचे मानधन, अल्पोपाहार आणि छपाई धरून चाळीस हजारांच्या आत वर्ष निभावते. दर मी उदाहरणादाखल धरला आहे. तो कमवा व शिकाच्या चालू दरापेक्षा कमी नसावा, नाहीतर मुले सरळ तिकडे जातील.

कागद: कार्यालयीन आदेश, विद्यार्थ्याचे संमतीपत्र, हजेरीपत्रक (तारीख, पासून-पर्यंत, सही), देयक, एनईएफटी यादी. रोख देऊ नये. खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर असावे, वडिलांच्या नाही. रक्कम परत येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे बँक शाखेचा जुना आयएफएससी कोड. बँकांच्या विलीनीकरणानंतर जुनी पासबुके तशीच राहिली आहेत. म्हणून पासबुकाची झेरॉक्स न घेता चालू कोड शाखेतून किंवा ॲपवरून पाहून लिहायला सांगावे.

सुट्टीच्या दिवशी बोलावल्यास आणि त्या दिवशी पास चालत नसल्यास एसटीचे तिकीट वेगळे द्यावे. मानधनात ‘समाविष्ट’ म्हणू नये.

कमवा व शिका: पुणे विद्यापीठाच्या योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव आहे, इतर विद्यापीठांच्या आपापल्या योजना आहेत. कोणती कामे चालतात ते त्या-त्या परिपत्रकावर अवलंबून. विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांमार्फत लेखी विचारणा करून उत्तर फाइलला लावल्याशिवाय त्यात घालू नये. योजनेतला विद्यार्थी या गटातही असल्यास दोन्ही हजेरीपत्रकांवर एकच वेळ येणार नाही हे पाहावे. तसे आढळल्यास वसुली निघते.

---

प्रश्नावली_पुरे

हिशेबनीस यांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझी एक पुस्ती. नियमात बसलं तरी सगळा गट कमवा व शिकातून उभा करू नका. त्या मुलांची रोजची हजेरी ज्या ग्रंथपालांच्या किंवा प्रयोगशाळेच्या सहीने लागते, त्यांच्याचबद्दल बोलायला आपण सांगणार. कोण बोलेल?

---

गुणवत्ता_कक्ष

दोघांचेही आभार. तिसरी शंका राहिली. मधल्या काळात छोट्या प्रश्नावल्या गूगल फॉर्मवर घ्याव्यात म्हणतोय. हजेरीपत्रकावर सही आणि उत्तर निनावी, हे एकत्र कसं जमवायचं?

---

विदा_आणि_बंधू

जमतं, पण दोन फॉर्म लागतात.

पहिला उत्तरांचा. त्यात ईमेल गोळा करणं बंद ठेवा. ‘एकच प्रतिसाद’ ही मर्यादा लावली तर गूगल खात्यातून आत यावं लागतं. ईमेल गोळा करणं बंद असेल तर पत्ता तुम्हाला दिसत नाही, पण मुलांना तो दिसतोय असंच वाटतं, म्हणून २४ जणांच्या गटाला ती मर्यादा न लावणं बरं. उत्तर पाठवल्यावर येणाऱ्या संदेशात दुसऱ्या फॉर्मची लिंक द्या. त्यात फक्त नाव, हजेरी क्रमांक आणि ‘अमुक प्रश्नावली पूर्ण केली’. मानधन या दुसऱ्या यादीवरून.

यातली भोकं:

दोन्ही तक्त्यांत वेळेचा शिक्का येतो आणि तो बंद करता येत नाही. ११:०४ ला उत्तर आणि ११:०५ ला नाव, झालं काम. म्हणून उत्तरांचा तक्ता ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे नावांचा नसावा, आणि पुढे देताना वेळेचा रकाना काढून ओळींचा क्रम बदलून द्यावा.

शाखा, वर्ष, लिंग, गाव, प्रवर्ग हे सगळं एकाच फॉर्मात विचारलं की नाव न विचारताही माणूस सापडतो. भौतिकशास्त्राच्या तृतीय वर्षात मुलीच तीन असतील तर निनावी कसलं? ज्या कप्प्यात पाचाहून कमी उत्तरं आहेत तो कप्पा स्वतंत्रपणे दाखवायचाच नाही, शेजारच्या कप्प्यात मिसळायचा.

हस्ताक्षर. चिठ्ठ्या वर्गशिक्षकांकडे जाऊ देऊ नका. टंकलेखन बाहेरच्या माणसाकडून करून घ्या आणि अहवाल स्वीकारला गेला की मूळ चिठ्ठ्या फाडा. किती दिवसांत फाडणार ते संमतीपत्रात लिहा, नुसतं ‘गोपनीय ठेवले जाईल’ याला अर्थ नाही.

रॅगिंग, लैंगिक छळ, जातीवरून अपमान असं काही चर्चेत निघालं तर ते ‘अभिप्राय’ म्हणून टिपू नका. तिथेच थांबून संबंधित समितीचा मार्ग सांगा. बैठक चालवणाऱ्याकडे तक्रार निवारण, अंतर्गत तक्रार समिती आणि रॅगिंगविरोधी समिती यांची माहिती एका कागदावर हवी. गुप्ततेचं आश्वासन देतानाच हा अपवाद सांगायचा.

---

एसटी_पास_धारक

विद्यार्थ्यांच्या बाजूने थोडं.

बैठक साडेचारला ठेवलीत तर गटात गावातलीच मुलं उरतील. शेवटच्या सोयीच्या गाडीची वेळ बघून ठेवा. प्रात्यक्षिकांच्या दिवशी नको. सगळ्यांना मोकळा असा तास नसतोच, म्हणून एकाच विषयाच्या दोन बैठका, एक सकाळी आणि एक दुपारी.

प्रश्न मराठीत हवेत, आणि साध्या मराठीत. ‘अध्ययन-अध्यापन प्रक्रियेतील सुलभता’ वाचून पहिल्या पर्यायावर टिक केली जाते. ‘ग्रंथालय आणि अभ्यासिका समाधानकारक आहेत का?’ हे दोन प्रश्न आहेत. पुस्तकं मिळतात पण अभ्यासिका तीनला बंद होते, अशाने काय लिहायचं?

आणि अंतर्गत गुण लागायच्या आधी शिकवण्याबद्दल विचारू नका. पैसे दिलेत तरी कुणी खरं बोलणार नाही. रांग, बस, पाणी, कँटीन, पोर्टल यावर मात्र पहिल्या दिवसापासून भरपूर ऐकायला मिळेल.

---

पुणे_ते_यॉर्कशायर

ब्रिटनमध्ये ही पद्धत रुळलेली आहे, म्हणून तिथलं. आपली बरीच मुलं तिथे शिकतात, त्यांच्याही कामाचं आहे.

तिथे तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि नवा विद्यार्थी हमखास गल्लत करतो. वर्गप्रतिनिधी सहसा विनावेतन, विद्यार्थी संघामार्फत. नॅशनल स्टुडंट सर्व्हे हा २००५ पासूनचा देशव्यापी सर्व्हे, पदवीच्या अंतिम वर्षासाठी. त्यात विद्यापीठाने उत्तरांवर प्रभाव टाकायचा नाही असा नियम आहे, आणि एखाद्या अभ्यासक्रमाचे आकडे जाहीर व्हायला किमान १० उत्तरं आणि ५० टक्के प्रतिसाद ही अट राहिली आहे. २०२३ पासून त्यातली पाच पायऱ्यांची ‘सहमत-असहमत’ मोजपट्टी काढून थेट प्रश्न आणि चार पर्याय आणले, मधला तटस्थ पर्याय गेला. तुमच्या ‘उत्तम-अतिउत्तम’ फॉर्मलाही हा उपाय करून बघा: ‘ग्रंथालयात हवं ते पुस्तक किती वेळा मिळतं?’

तिसरी गोष्ट म्हणजे विद्यापीठाचं, विद्यार्थ्यांना मोबदला देणारं पॅनेल. ही बहुधा तासावरची नैमित्तिक नोकरी असते. त्यामुळे सुरू होण्याआधी काम करण्याच्या हक्काची तपासणी, म्हणजे ई-व्हिसाचा शेअर कोड (तो हक्क ऑनलाइन दाखवणारा क्रमांक). मग टाइमशीट, महिन्याच्या ठरावीक तारखेच्या आत. ती तारीख चुकली की पैसे पुढच्या महिन्यात. दर किमान वेतनाखाली जाऊ शकत नाही. एप्रिल २०२५ पासून २१ वर्षं आणि त्यावरील व्यक्तींसाठी तो तासाला १२.२१ पौंड आणि १८ ते २० साठी १० पौंड होता. पुढे तो दर एप्रिलमध्ये बदलतो.

भारतीय विद्यार्थ्यांनी जपायची जागा म्हणजे स्टुडंट व्हिसाची मर्यादा. पदवी आणि त्यावरच्या अभ्यासक्रमाला सत्रकाळात आठवड्याला २० तास, आठवडा सोमवार ते रविवार, आणि सगळ्या नोकऱ्या मिळून. टेस्को सुपरमार्केटमध्ये १८ तास झाले असतील तर अडीच तासांची पॅनेल बैठक मर्यादा ओलांडते. सरासरी चालत नाही, या आठवड्यात १० आणि पुढच्यात ३० असं नाही. एक वर्षाच्या मास्टर्सला उन्हाळ्यातला प्रबंधाचा काळ सहसा सत्रकाळच धरला जातो. ‘सुट्टी आहे’ म्हणून पूर्णवेळ काम घेतलं की घोटाळा. स्वयंरोजगारही चालत नाही, त्यामुळे बाहेरची संशोधन कंपनी ‘फ्रीलान्सर म्हणून बिल पाठव’ म्हणाली तर नको म्हणा. पगाराऐवजी व्हाउचर देत असतील तर ते काम धरलं जातं का, हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा.

तुम्ही उचलण्यासारखी एक गोष्ट: जाहिरातीतच कामाचं वर्णन, तास, दर आणि बैठकांच्या तारखा छापलेल्या असतात. अर्ज करणाऱ्याला नेमकं काय करायचंय ते आधी कळतं.

---

गुणवत्ता_कक्ष

खूप मिळालं. शेवटचं: पहिल्या सत्रात विषय कोणता घ्यावा? आणि यातलं फाइलला काय लावायचं?

---

प्रश्नावली_पुरे

बोनाफाइड. किंवा एसटी पासच्या अर्जावरचा शिक्का. प्राचार्यांच्या एका आदेशाने सुटेल असा विषय पहिला घ्या, निधी लागणारा नको. सहीचा अधिकार उपप्राचार्यांनाही दिला, शुल्क पावतीची अट काढली, एवढ्यावर पंधरा दिवसांत फरक दिसतो आणि पुढच्या बैठकीला मुलं बोलती होतात. स्वच्छतागृहाचा विषय दुसऱ्या सत्रात, आणि तोही पाणी, कड्या आणि सफाईच्या वेळा असा तुकडे करून. नवं बांधकाम म्हटलं की तो समितीत अडकून बसतो.

फलक करा, चार रकाने: काय सांगितलं, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. नाकारलेल्या सूचनाही कारणासह लावा. ‘कोण करणार’ मध्ये पदनाम लिहा, ‘संबंधित विभाग’ नको. फलक पासच्या खिडकीपाशी, गुणवत्ता कक्षाच्या दाराशी नाही, तिथे कोण येतंय?

फाइलला लावायचं ते ठराव, विषयवार गोषवारा आणि कार्यवाही अहवाल. नॅकच्या २०१७ च्या आराखड्यातल्या निकष १.४ ला अभिप्रायाचं विश्लेषण आणि त्यावरची कार्यवाही हवी असते, तेवढं यात येतं. हजेरीपत्रकं लेखा विभागात राहू द्या. चिठ्ठ्या आणि भरलेले तक्ते कुठल्याच फाइलला नाहीत, नॅकची समिती पाहायला मागेल तेव्हाही नाहीत. कोरा तक्ता दाखवा.